मुंबईत बंगल्याची जागा बिल्डरला देताय? आधी प्रॉपर्टी कार्ड काढा

मेट्रो सुरू झाल्यापासून दहिसर-बोरिवलीकडच्या जुन्या बैठ्या घरांच्या दारात एजंट येऊन उभे असतात आणि घरातल्यांचा पहिला प्रश्न एकच, भाव काय मिळेल? माझं कळकळीचं सांगणं आहे, भावाचं नंतर बोला, आधी कागद पक्के करा, कारण कागदात जे राहून गेलेलं असतं ते समोरची पार्टी अगदी शेवटच्या मीटिंगला काढते आणि त्यावरच रेट पाडते. आमच्या बाबतीत हेच झालं.

विकू कोण शकतं? जागेवर हक्क असलेले सगळे, एकत्र. आमच्या प्रॉपर्टी कार्डावर, म्हणजे जागेच्या मालकीच्या सरकारी उताऱ्यावर, आजोबांचंच नाव होतं, त्यांना जाऊन पंचवीस वर्षं झालेली. मग मृत्यूचे दाखले, वारसांचं प्रतिज्ञापत्र, सगळ्यांचे आधार-पॅन घेऊन नगर भूमापन कार्यालयात वारस फेरफाराचा, म्हणजे कार्डावर वारसांची नावं चढवण्याचा अर्ज. लग्न झालेल्या आत्यांचा हिस्साही असतो हां, "तिला लग्नात दिलंय" हे कायद्यात चालत नाही. कुणाला हिस्सा नको असेल तर रजिस्टर हक्कसोडपत्र करून घ्या, तोंडी कबुलीवर राहू नका. अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालचा वारस असेल तर बहुतेक वेळा कोर्टाची परवानगी लागते. भाऊ परदेशात असेल तर त्याने तिथल्या भारतीय वकिलातीत पॉवर ऑफ अटर्नी करून पाठवायची आणि ती इथे आल्यावर तीन महिन्यांत तिच्यावर स्टॅम्प भरायचा.

कार्ड हातात आलं की शेरे नीट वाचा. धारणाधिकाराच्या (जमीन कोणत्या हक्काने धरली आहे त्या) रकान्यात सरकारी शर्तीची जमीन दिसली तर कलेक्टरची परवानगी आधी. यूएलसी, म्हणजे शहरी जमीन कमाल मर्यादेचा कायदा २००७ मध्ये महाराष्ट्रात रद्द झाला तरी कलम २० खालच्या सवलतीचा जुना शेरा असेल तर त्याचा निकाल लावल्याशिवाय कुणी पुढे सरकत नाही.

मग मोजणी, आणि ही अजिबात टाळू नका. आमच्या खरेदीखतात ४८० चौरस मीटर, कार्डात ४७२, आणि मोजणीच्या दिवशी मागच्या बाजूची खूण थेट शेजाऱ्यांच्या तुळशी वृंदावनाच्या पलीकडे पडली, सगळे नुसते बघत राहिले. समोरच्याने अर्थातच सगळ्यात कमी आकडा धरला. मोजणीची 'क' प्रत, म्हणजे सरकारी मोजणीचा नकाशा, आधीच हातात असती तर आठ चौरस मीटरसाठी दोन महिने घासाघीस झाली नसती.

महापालिकेचा डीपी रिमार्क (विकास आराखड्यात जागेवर काय दाखवलंय त्याचा कागद) ऑनलाइन मिळतो, त्यात आरक्षण आणि रस्ता रुंदीकरण कळतं. उपनगरात बेसिक एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधता येतं तो आकडा) १, मुंबई शहरात १.३३, त्यावरचा प्रीमियम (पैसे भरून मिळणारा) एफएसआय आणि टीडीआर (दुसऱ्या जागेचा विकत घेतलेला बांधकाम हक्क) समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतो, म्हणून एजंट सांगतो त्या मजल्यांवर भरोसा ठेवण्याआधी रस्ता किती फुटी आहे ते बघा. विमानतळाजवळ उंचीची मर्यादा असते, खाडीजवळ सीआरझेड, म्हणजे किनारपट्टीचे बांधकाम निर्बंध. जागेत भाडेकरू असतील तर ते आधीच स्पष्ट सांगा, लपवलेलं खरेदीदाराच्या तपासणीत निघतंच.

पुढचं सरळ आहे. खरेदीदाराचा वकील साधारण तीस वर्षांचा टायटल सर्च (मालकीच्या नोंदींची तपासणी) करतो, पेपरात नोटीस देतो, शक्यतो १४ दिवसांची. हरकत आली नाही तर करारनामा. मुंबईत खरेदीखतावर स्टॅम्प ड्युटी ६ टक्के, रेडी रेकनर (सरकारने ठरवलेला भाव) किंवा कराराची किंमत यातल्या मोठ्या रकमेवर, आणि नोंदणी फी १ टक्का, जास्तीत जास्त ३०,००० रुपये, हे सगळं सहसा खरेदीदार भरतो. सह्या झाल्यापासून चार महिन्यांत दस्त नोंदवायचा, दोन साक्षीदार लागतात. व्यवहार ५० लाख किंवा वर असेल तर खरेदीदार १ टक्का टीडीएस (आपल्या नावे आधीच भरला जाणारा आयकर) कापतो, तो आपल्या पॅनवर दिसतोय ना ते तपासा.

टॅक्सचं मात्र सीएकडे बसून करा. जागा २००१ च्या आधीची असेल तर १ एप्रिल २००१ ची किंमत हीच खरेदीची किंमत म्हणून धरता येते, त्यासाठी रजिस्टर्ड व्हॅल्युअरचा रिपोर्ट. लाँग टर्म नफ्यावर १२.५ टक्के, पण २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेली जागा असेल तर निवासी व्यक्तीला इंडेक्सेशनसह (महागाईनुसार खरेदीची किंमत वाढवून) २० टक्क्यांचाही पर्याय आहे, दोन्ही हिशेब करून बघा.

आणि पूर्ण पैसे खात्यात आल्याशिवाय ताबा आणि मूळ कागद देऊ नका, आधी फक्त झेरॉक्स दाखवा.