ब्रिसलनोजचं पिल्लू की कॉमन सकरचं? मिशा सोडा, पाठीवरचा पंख मोजा

ब्रिसलनोज आणि कॉमन सकर हे दोन्ही टाकीत पाळायचे, काचेला चिकटणारे मासे, पहिल्याच्या नाकाडावर मोठेपणी मिशांसारखे कोंब येतात. माशाचं इंचभराचं तपकिरी पिल्लू टाकीच्या काचेला चिकटलेलं, असा फोटो दर थोड्या दिवसांनी कोणीतरी पाठवतंच आणि विचारतं, हे ब्रिसलनोजच आहे ना, दुकानदार तर तेच म्हणाला. मग एकजण सांगतो मिशा नाहीत म्हणजे कॉमन सकर, दुसरा सांगतो नाही नाही, मादी असेल, मादीला मिशा नसतात. दोघंही चुकीच्या जागी बघतायत. एवढ्या लहान पिल्लाला मिशा नसतातच, नर असो की मादी, ब्रिसलनोज असो की कॉमन.

कॉमन सकरबद्दल जास्त सांगायला नको, ज्याच्या घरी कधी टाकी होती त्याने तो पाळलेलाच असतो. दुकानात 'काच साफ करणारा' म्हणून दोन इंचाचा मिळतो आणि फूट-दीड फुटाचा होतो. ब्रिसलनोज चार-पाच इंचांवर थांबतो. दोघंही मूळचे दक्षिण अमेरिकेतले, दोघांचं तोंड खाली आणि चिकटणारं, दोघांच्या अंगावर कवचासारख्या पट्ट्या. 'मासा टाकीच्या मापानेच वाढतो' हे वाक्य मात्र आता खरंच बंद व्हायला हवं. दोन फुटी टाकीत कॉमन सकर लहान राहिलेला दिसतो कारण त्याची तब्येत बिघडलेली असते, वाढ खुंटते आणि तो आयुष्य पूर्ण व्हायच्या आत मरतो. म्हणूनच पिल्लू ओळखणं महत्त्वाचं, कारण एकाला दोन-अडीच फुटी टाकी आयुष्यभर पुरते आणि दुसऱ्याला सहा फुटीही कमीच पडते.

आता मुद्द्याचं. मिशा, म्हणजे नाकाडावरचे ते मऊ कोंब, नर ब्रिसलनोज साधारण अडीच इंचांचा व्हायला लागला की फुटतात, वयाने म्हणाल तर सहा महिन्यांच्या आसपास, खाणं कमी असेल तर आणखी उशिरा. मादीला एकतर येत नाहीत किंवा फक्त ओठाच्या वरच्या कडेला बारीक रांग येते. म्हणजे मिशा दिसल्या तर ब्रिसलनोज नक्की, पण दिसल्या नाहीत तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. इथेच सगळे घसरतात.

बघायचा तो पाठीवरचा मोठा पंख. त्याच्या पुढच्या टोकाला एक जाड काटा असतो, तो सोडून द्यायचा आणि मागच्या मऊ काड्या मोजायच्या. ब्रिसलनोजला, म्हणजे शास्त्रीय नावाने ॲन्सिस्ट्रसला, त्या सात असतात, क्वचित आठ. आपल्याकडे दुकानात कॉमन सकर म्हणून जो मिळतो तो शास्त्रीय नावाने जवळजवळ कायम टेरिगोप्लिक्थिस असतो, त्याच्या नऊच्या खाली नसतातच, बहुतेक वेळा दहा ते तेरा भरतात. सात आणि दहा यात गोंधळ व्हायचं कारण नाही, पण लोक मोजताना एक चूक हमखास करतात, पंखाच्या वरच्या कडेला मोजतात. प्रत्येक मऊ काडी वर जाऊन फाटते, एकाच्या दोन-तीन दिसतात, मग ब्रिसलनोजच्याही पंधरा भरतात आणि बिचाऱ्याला कॉमन ठरवून मोकळे होतात. मोजायचं बुडाशी, जिथे काडी पाठीतून निघते तिथे.

पिल्लू पंख मिटून बसलेलं असेल तर काड्या मोजताच येत नाहीत, उगाच जाळीने काढून बोटांनी पंख उघडायला जाऊ नका, काटे जाळीत अडकतात आणि पिल्लू जखमी होतं. दुसरं पिल्लू जवळ आलं की ते आपणहून पंख उभारतं, तेव्हा काचेतून बाजूने दोन-चार फोटो काढा आणि मोठे करून बघा. पाऊण इंचाच्या आतलं पिल्लू असेल तर फोटोतही नीट कळत नाही, मग पंखाची एकूण ठेवण बघायची. कॉमनचा पंख शिडासारखा उंच आणि त्याचं बूड लांबलचक, पाठीचा बराच भाग व्यापणारं, ब्रिसलनोजचा त्या मानाने आखूड. आणि वरून बघा, ब्रिसलनोजचं डोकं रुंद, चपटं आणि पुढून गोल असतं, मागे शरीर एकदम निमुळतं होत जातं. कॉमनचं पिल्लू लहानपणापासूनच लांबट.

एक अपवाद सांगून ठेवतो. जुन्या पुस्तकांत कॉमन प्लेको, म्हणजे कॉमन सकर, म्हणून हायपोस्टोमस हा वेगळाच मासा दाखवलेला असतो आणि त्यालाही सातच काड्या असतात. आपल्या दुकानांत तो क्वचितच असतो, पण काड्या सात आणि अंग मात्र लांबट, डोकं रुंद नाही असं दिसलं तर घाईने नाव ठरवू नका, अजून एक-दोन इंच वाढू द्या.

रंगावर तर अजिबात जाऊ नका. ब्रिसलनोज साधारण गडद अंगावर फिकट ठिपके आणि कॉमन फिकट अंगावर गडद डाग असा असतो हे खरं, पण घाबरलेलं किंवा पांढऱ्या वाळूवर ठेवलेलं पिल्लू इतकं फिकं पडतं की त्यातून काही कळत नाही. पिवळट-गुलाबी, लाल डोळ्यांचं म्हणजे ब्रिसलनोजच हाही गैरसमज, कॉमनमध्येही अल्बिनो येतात आणि सर्रास विकले जातात. चायनीज अल्गी ईटर या शेवाळ खाणाऱ्या दुसऱ्या माशाशी गोंधळ होण्यासारखं काहीच नाही, त्याच्या अंगावर पट्ट्यांचं कवच नसतं, एवढं पुरे.

पिल्लं तुमच्याच टाकीत जन्मली असतील तर हे काही करायचीच गरज नाही, ती कॉमनची नाहीत. कॉमन सकर नदी-तलावाच्या मातीच्या काठात बिळं करून अंडी घालतो, घरच्या टाकीत त्याची पिल्लं होत नाहीत, बाजारातली तळ्यांमध्ये वाढवलेली असतात. आणि मोजून कॉमन निघालाच तर तो तलावात किंवा नदीत सोडू नका, कितीही दया आली तरी. असा सोडलेला मासा आपल्याकडे मरत नाही, पसरतो. उजनीच्या पाण्यात तो आहे, त्याला बाजारात भाव नाही आणि त्याच्या काट्यांनी मच्छीमारांची जाळी फाटतात. दुकानात परत द्या किंवा मोठी टाकी असलेल्या माणसाला द्या.

ब्रिसलनोज निघाला तर पुढचं काम सोपं आहे, फक्त उपाशी मारू नका. पुढे मोठा होऊन टाकीत अंडी झाली तर ती नारिंगी, गुहेत चिकटलेली असतात, राखण बाप करतो आणि पंखाने वारा घालत राहतो, त्याला हात लावू नका, दर तासाला टॉर्च मारून बघू नका. २६ अंशांच्या आसपास चार-सहा दिवसांत पिल्लं बाहेर पडतात पण पोटाला पिवळी पिशवी असते, ती संपेपर्यंत, म्हणजे अजून साधारण तेवढेच दिवस, काही घालायचं नाही, घातलंत तर फक्त पाणी नासेल. पिशवी संपली त्या दिवसापासून मात्र खाणं सतत समोर हवं. 'शेवाळ खातात, वेगळं कशाला' म्हणणाऱ्यांची पिल्लं पहिल्या काही आठवड्यांत मरतात, कारण स्वच्छ टाकीतलं शेवाळ पन्नास पिल्लांना दोन दिवसही पुरत नाही. दुधी, दोडका किंवा काकडी उकळत्या पाण्यात जरा मऊ करून, गार करून, वजन बांधून तळाशी सोडा, रात्री टाकायची आणि सकाळी काढायची, सोबत अल्गी वेफर, म्हणजे शेवाळाची तयार चकती, आणि एखादं लाकूड टाकीत हवंच, माझ्या मते लाकडाशिवाय ब्रिसलनोज ठेवूच नये. फिल्टर स्पंजचाच, दुसरा कुठलाही पिल्लं ओढून घेतो. पाणी थोडं थोडं पण वारंवार बदला, क्लोरीन काढलेलं. काचेला चिकटलेल्या पिल्लाचं पोट खालून बघत जा, गोल असेल तर ठीक, आत ओढलेलं दिसलं तर त्याच दिवशी खाणं वाढवा.

सहा-आठ महिन्यांनी मिशा फुटायला लागल्या की त्या खऱ्या उपयोगी पडतात, नर-मादी वेगळे करायला. दोन फुटी टाकीत एकच नर ठेवा, माद्या दोन चालतील, बाकीचे नर तेव्हाच देऊन टाका, कारण गुहेवरून ते गालावरचे काटे उभारून भांडतात आणि हरलेल्याला लपायला जागा उरत नाही.