तक्रार बंद झाली, म्हणजे खटला संपला?

ऐरोली-घणसोलीच्या सोसायटी ग्रुपांवर एक मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय: अमेरिकेत नोकरीतल्या भेदभावाची तक्रार सरकारी यंत्रणेनं बंद केली, की कोर्टाचा रस्ताही बंद. मुलंमुली तिकडे नोकरीला असलेल्या घरांना ते खरं वाटणं साहजिक आहे. पण तसं नसतं.

१९६४ च्या नागरी हक्क कायद्यानुसार आधी यंत्रणेकडे जावं लागतं, हे खरं. तिचा निष्कर्ष मात्र कोर्टावर बंधनकारक नाही. तिथे पुरावे नव्यानं तपासले जातात. म्हणूनच यंत्रणेनं तक्रारीत तथ्य मानलं, तरी खटला हरू शकतो.

खात्रीसाठी तक्रार बंद झाल्याचं पत्रच शेवटपर्यंत वाचा. दावा लावण्याचा हक्क आणि ९० दिवसांची मुदत त्यातच लिहिलेली असते. फॉरवर्डवर विसंबून हे दिवस कुणाच्या हातचे जाऊ नयेत, म्हणून कळकळीनं लिहितेय. मुदत पत्र मिळाल्यापासून मोजतात. ती तारीख लगेच टिपून ठेवा.