फोर्कलिफ्ट

माल उचलून जवळच्या अंतरावर नेणारे आणि थरांत रचून ठेवणारे यांत्रिक वाहन. पुढच्या बाजूस उभा मास्ट (काट्यांना आधार देणारा उंच सांगाडा) असतो. हायड्रॉलिक सिलिंडर व साखळ्यांच्या साहाय्याने त्यातून दोन पोलादी काटे वर-खाली सरकतात.

उगम : पहिली फोर्कलिफ्ट कोणती, याविषयी एकमत नाही. पेनसिल्व्हेनिया रेल्वेने १९०६ मध्ये अल्टूना येथे बॅटरीवर चालणाऱ्या सामानगाड्या वापरल्या, तेथून काही लेखक इतिहास सुरू करतात. परंतु त्या केवळ ओझे वाहत. मिशिगन राज्यातील बुकॅनन येथे क्लार्क कंपनीने १९१७ मध्ये स्वतःच्या कारखान्यातील मालवाहतुकीसाठी ‘ट्रकट्रॅक्टर’ तयार केली. कारखाना पाहायला आलेल्या पाहुण्यांनीच मागणी केल्यामुळे ती विक्रीस आली, असे सांगतात. पुष्कळ ठिकाणी हिलाच आद्य मान दिला जातो. तथापि मूळ गाडी म्हणजे तीन चाकांचा मालगाडाच होता. तिला काटे नव्हते, मास्टही नव्हता. याच सुमारास, पहिल्या महायुद्धातील मजूरटंचाईमुळे, इंग्लंडमध्ये इप्सविच येथील रॅन्सम्स, सिम्स अँड जेफरीज ही कंपनीही माल हाताळणारी यंत्रे बनवू लागली. काटे व उंच चढणारा मास्ट यांचा मेळ येल कंपनीच्या १९२३ मधील विद्युत गाडीत दिसतो. आजच्या अर्थाने फोर्कलिफ्टची सुरुवात तेथून धरणे अधिक सयुक्तिक वाटते. पॅलेटची (माल रचून ठेवण्याच्या, खाली काटे शिरतील अशा सपाट चौकटीची) मापे ठरत गेली आणि दुसऱ्या महायुद्धात लष्करी रसद हलवावी लागली, तेव्हा तिचा खरा प्रसार झाला.

तोल : सर्वसामान्य काउंटरबॅलन्स प्रकारात तागडीचे तत्त्व असते. पुढची चाके हा टेकू, पुढे माल, मागे ओतीव लोखंडाचे प्रतिवजन. गाडीवरील पाटीवर क्षमतेसोबत भारकेंद्राचे अंतरही (काट्यांच्या उभ्या पाठीपासून मालाच्या गुरुत्वमध्यापर्यंतचे) दिलेले असते. लहान गाड्यांसाठी ते सामान्यतः ५०० मिमी. असते. समजा, क्षमता २,००० किग्रॅ. आहे आणि पुढच्या आसापासून काट्यांच्या उभ्या पाठीपर्यंत ४०० मिमी. अंतर आहे. मालाचे केंद्र ५०० ऐवजी ७०० मिमी.वर गेले, तर आसापासूनचे अंतर ९०० चे १,१०० होते आणि पेलणारा भार सु. १,६३६ किग्रॅ.वर येतो. काटे जितके उंच, तितकी ही क्षमता आणखी घटते. पुढची दोन चाके व मागच्या आसाचा मध्यबिंदू मिळून होणाऱ्या त्रिकोणाबाहेर एकत्रित गुरुत्वमध्य गेला की गाडी कलंडते. वळणावर काटे खाली ठेवण्याचा नियम यातूनच आला. विद्युत गाडीत शिसे-आम्ल बॅटरीचे वजनही तोलास उपयोगी पडते. म्हणून तिच्या जागी हलकी लिथियम बॅटरी बसवताना बहुधा जादा वजन घालावे लागते.

प्रकार व वापर : काउंटरबॅलन्स गाडीला गोदामात वळण्यासाठी सु. ३.५ ते ४ मी. रुंद गँगवे (रॅकच्या रांगांमधील वाट) लागतो. ट्रकमधून माल उतरवणे आणि यार्डातील कामे तिचीच. डिझेलवरील गाड्या मोकळ्या जागी चालतात; बंदिस्त गोदाम, अन्न व औषधांचे साठे येथे विद्युत गाड्या योग्य. रीच ट्रकचा मास्ट (काहींत फक्त काटे) पुढे सरकून पॅलेट उचलतो व माल चाकांच्या मध्ये ओढून घेतो. त्यामुळे तिला सु. ३ मी.पर्यंतचा गँगवे पुरतो. १० मी.हून उंच रॅकसाठीही ती वापरतात. तिचा चालक आडवा बसतो, जेणेकरून दोन्ही दिशांना पाहता येते. अतिअरुंद गँगवेतील गाड्या (सु. १.८ मी.) न वळता बाजूच्या रॅकमध्ये माल ठेवतात, पण जमीन अगदी सपाट लागते, जमिनीचा थोडाही उतार उंचावर मास्टला भोवतो. ऑर्डर पिकरमध्ये चालकच मालाजवळ वर जातो व सुटे खोके काढतो.

हँड पॅलेट ट्रक हाताने ओढतात. तो पॅलेट जमिनीपासून सु. २० सेंमी.पर्यंतच उचलतो, रचत नाही. रचण्याचे काम स्टॅकर करतो.

भिवंडीसारख्या गोदामपट्ट्यांत वरील बहुतेक प्रकार आढळतात. न्हावा शेवासारख्या बंदरांत कंटेनर उचलणारा रीच स्टॅकर मात्र वेगळा : त्याला मास्ट नसून लांबणारी तिरकी भुजा असते आणि तो कंटेनर वरून पकडतो.