कोलॅजनची पुडी, पेरू आणि साडेबाराचं ऊन

इंदूरच्या औषधांच्या दुकानांत हल्ली काउंटरवरच कोलॅजनच्या पुड्या मांडलेल्या दिसतात. संत्र्याच्या चवीची पावडर, रोज एक पुडी पाण्यात घालून प्यायची, तीन महिन्यांत त्वचा 'आतून' घट्ट. शेजारी 'शंभर टक्के शाकाहारी कोलॅजन' लिहिलेला डबाही असतो. त्या डब्याचा निकाल आधी लावून टाकू. कोलॅजन हे प्राण्यांच्या शरीरातलं प्रथिन आहे. पावडरीसाठी ते गुरांची कातडी आणि माशांची कातडी-खवले यांपासून काढतात. वनस्पतीत ते नसतंच. शाकाहारी डब्यात बहुधा आवळ्याचा अर्क, क जीवनसत्त्व, बायोटिन (ब गटातलं एक जीवनसत्त्व) आणि थोडी अमिनो आम्लं (प्रथिनांचे मूळ घटक) असतात. नाव कोलॅजनचं, माल दुसरा.

आता खऱ्या कोलॅजनची पुडी. कोणतंही प्रथिन पोटात गेलं की त्याचे तुकडे होतात, मग ते तुरीच्या डाळीतलं असो की माशाच्या कातडीतलं. प्यायलेलं कोलॅजन जसंच्या तसं गालापर्यंत पोचत नाही. दोन-तीन अमिनो आम्लांचे काही छोटे तुकडे मात्र रक्तात सापडतात, हे मोजून पाहिलेलं आहे. हे तुकडे त्वचेतल्या पेशींना नवं कोलॅजन बनवायचा इशारा देतात, असा विक्रेत्यांचा दावा. रोज अडीच ते दहा ग्रॅम, आठ ते बारा आठवडे, अशा चाचण्यांत त्वचेचा ओलावा आणि लवचिकपणा थोडा सुधारल्याचे निष्कर्ष आहेत. पण कंपन्यांच्या पैशावर न झालेल्या चाचण्याच तेवढ्या पाहिल्या की हा फायदा दिसेनासा होतो. शिवाय त्वचेतल्या कोलॅजनचं अर्धायुष्य सुमारे १५ वर्षं आहे. म्हणजे आज आहे त्यातलं निम्मं बदलायलाच दीड दशक लागतं. तीन महिन्यांच्या कोर्सचा हिशेब यात कुठे बसवायचा?

खरी गंमत कोलॅजन तयार कसं होतं यात आहे. त्याची रचना उलगडण्यात मोठा वाटा भारतीय शास्त्रज्ञांचा. मद्रासला जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी १९५४-५५ मध्ये दाखवलं की कोलॅजनचा रेणू म्हणजे एकमेकींभोवती पीळ घातलेल्या तीन साखळ्या, तीन पदरी दोरासारख्या. प्रत्येक साखळीत सुमारे हजार अमिनो आम्लं, आणि त्यांत दर तिसरं ग्लायसिन. असं का? तर पिळाच्या मधोमध जागाच इतकी कमी असते की तिथे सर्वांत लहान अमिनो आम्लाखेरीज काही मावत नाही. उरलेल्या दोन जागांवर प्रोलिन नावाचं अमिनो आम्ल वारंवार येतं.

आता इथे लक्ष द्या, कारण सगळी मेख या प्रोलिनमध्ये आहे. साखळी तयार झाल्यावर, पण पीळ पडण्याआधी, पेशीतलं एक विकर (एन्झाइम) ठरावीक प्रोलिनना ऑक्सिजन-हायड्रोजनची एक जोडी चिकटवतं. विकराचं नाव प्रोलिल हायड्रॉक्सिलेज. एवढ्याशा बदलाने काय होतं? ही जोडी नसलेला पीळ सुमारे २४ अंश सेल्सिअसला सुटतो. जोडी असलेला पीळ ४० अंशांच्या आसपासपर्यंत टिकतो. आपलं शरीर ३७ अंशांचं. म्हणजे हे काम झालं नाही तर कोलॅजन शरीराच्या साध्या उबेतच उसवतं. असा कच्चा माल पेशी बाहेर न सोडता बराचसा मोडून टाकते. स्कर्व्हीत, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या कमतरतेच्या आजारात, हिरड्यांतून रक्त येतं, जुन्या भरलेल्या जखमा पुन्हा उघडतात, त्याचं कारण हेच. १७४७ मध्ये जेम्स लिंड या जहाजावरच्या डॉक्टरने आजारी खलाशांना संत्री-लिंबं खायला घालून त्यावरचा उपाय दाखवला, पण विकराची भानगड कळायला पुढे दोनशेहून अधिक वर्षं गेली.

या विकराच्या गाभ्यात लोहाचा एक अणू असतो आणि तो फेरस, म्हणजे दोन धनभारांच्या अवस्थेत असावा लागतो. विकर हवेतल्या ऑक्सिजनचा एक रेणू घेऊन फोडतं. त्यातला एक अणू प्रोलिनला देतं, दुसरा अल्फा-कीटोग्लुटारेट नावाच्या रेणूला. सारं सुरळीत चाललं तर या फेऱ्यात क जीवनसत्त्व लागतच नाही! ते लागतं गडबड झाल्यावर. कधीकधी समोर प्रोलिन नसतानाच विकर ऑक्सिजन फोडून बसतं. मग लोह तीन धनभारांच्या फेरिक अवस्थेत अडकतं आणि विकर ठप्प होतं. क जीवनसत्त्व त्याला एक इलेक्ट्रॉन देऊन पुन्हा फेरस करतं. म्हणून ते रोज लागतं, पण थोडंच. अडकलेली विकरं सुटली की जास्तीच्या जीवनसत्त्वाला तिथे करण्यासारखं काही उरत नाही.

हे पटलं की १००० मिलिग्रॅमच्या फसफसणाऱ्या गोळ्यांची ओढ आपोआप कमी होते. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२० च्या शिफारशीनुसार रोजची गरज पुरुषांना ८० आणि स्त्रियांना ६५ मिलिग्रॅम आहे. रोज २०० ते ४०० मिलिग्रॅमच्या पुढे रक्तातलं प्रमाण फारसं वाढत नाही. बाकीचं लघवीवाटे जातं, आणि मुतखड्याची प्रवृत्ती असेल तर जाता जाता ऑक्सलेटची, म्हणजे खडे बनवणाऱ्या द्रव्याची, भर घालून जातं. शंभर ग्रॅम पेरूत २०० मिलिग्रॅमच्या वर क जीवनसत्त्व असतं. थंडीत हातगाडीवर मिळणारा एक मध्यम पेरू (इंदूरचा 'जाम') मीठ-तिखट लावून खाल्ला की दिवसाचा प्रश्न मिटला. आवळा त्याहून वरचढ, पण कच्चा. उकळून मुरवलेल्या मुरंब्यात बरंचसं उडून गेलेलं असतं.

आणि पोह्यावरचं लिंबू? अर्धं लिंबू पिळलं तर जेमतेम ७-८ मिलिग्रॅम, चमचाभर रसात दोनच. रोजची गरज त्याने भागत नाही. पण आतड्यात तेच रसायन पुन्हा चालतं: फेरिक लोहाचं फेरस होतं, आणि धान्य-भाज्यांतलं लोह त्याच रूपात नीट शोषलं जातं. लिंबू गॅस बंद करून, ताटलीत वाढल्यावरच पिळा. पोह्यांबरोबर चहाची जोडी मात्र नुकसानीची, कारण चहातली टॅनिन लोहाला धरून बसतात. चहा तासाभराने घ्यावा. (इंदुरी माणूस हे ऐकणार नाही, हे ठाऊक आहे.) दुकानाच्या दाराला मिरच्यांसोबत टांगलेल्या लिंबापेक्षा हे ताटलीतलं लिंबू कितीतरी कामाचं.

चेहऱ्यावर मात्र लिंबू चोळू नका. त्याच्या रसात क जीवनसत्त्व सुमारे ०.०५ टक्के असतं. चेहऱ्याला लावायच्या सीरममध्ये उपयोग होण्यासाठी १० ते २० टक्के लागतं, म्हणजे किमान दोनशे पट. शिवाय लिंबातली फ्युरोकुमारिन नावाची द्रव्यं त्वचेवर असताना ऊन लागलं तर भाजल्यासारखे चट्टे येतात आणि काळे डाग महिनोन् महिने राहतात.

सीरम घ्यायचं तर एल-अॅस्कॉर्बिक आम्लाचं, १० ते १५ टक्क्यांचं, पीएच (आम्लतेचा आकडा; जितका कमी तितकं आम्ल तीव्र) ३.५ च्या खाली असलेलं. पीएच त्याहून वर गेला की रेणूवर विद्युतभार येतो आणि तो त्वचेच्या तेलकट वरच्या थरातून आत शिरत नाही. २० टक्क्यांच्या पुढे फायदा वाढत नाही, चुरचुर तेवढी वाढते. फेरुलिक आम्ल आणि ई जीवनसत्त्व सोबत असेल तर ते जास्त टिकतं. सकाळी चेहरा धुऊन, कोरडा करून चार-पाच थेंब. सुरुवातीला एक दिवसाआड. हवा, उजेड आणि उष्णता हे त्याचे शत्रू. मे महिन्यात बाटली फ्रिजमध्येच ठेवा. फिकट पिवळा रंग नारिंगी-तपकिरी झाला की सीरम संपलं समजा, बाटली अर्धी भरलेली असली तरी.

पण कोलॅजन घडवण्यापेक्षा ते तुटण्याचा वेग जास्त असेल तर पेरू काय करणार? अतिनील किरणांमुळे त्वचेतल्या पेशी एमएमपी-१ नावाचं विकर सोडतात. ते कोलॅजनचा पीळ ठरावीक एका जागी, लांबीच्या साधारण पाऊण भागावर, कापतं. एकदा कापला गेला की शरीराच्या तापमानाला तो पीळ सुटतो आणि इतर विकरं उरलेलं फस्त करतात. कर्कवृत्त इंदूरच्या थोडं उत्तरेला, उज्जैनजवळून जातं. जूनमध्ये दुपारी साडेबाराच्या सुमारास इथे सूर्य जवळपास नेमका डोक्यावर असतो. डिसेंबरातही त्या वेळी तो ४४ अंश वर असतो. साधा नियम: आपली सावली आपल्यापेक्षा छोटी असेल तोवर किरणं तीव्र.

सनस्क्रीनवरचा एसपीएफ, म्हणजे ऊन अडवण्याच्या क्षमतेचा आकडा, हा दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावून मोजलेला असतो. चेहरा आणि मानेला त्या हिशेबाने एक ग्रॅमच्या थोडं वर लागतं, म्हणजे तर्जनी आणि मधल्या बोटावर पूर्ण लांबीच्या दोन रेघा. रोज एकदाच लावलं तरी ५० ग्रॅमची ट्यूब दीड महिन्याच्या आत संपायला हवी. सहा महिने पुरत असेल तर एसपीएफ ५० चे पैसे देऊन फार तर १० चं संरक्षण मिळतंय. एसपीएफ ३० सुमारे ९७ टक्के किरणं अडवतो, ५० सुमारे ९८. त्या एका टक्क्यासाठी जास्तीचे पैसे मोजण्यापेक्षा मात्रा पुरेशी घ्या. खिडकीची साधी काच यूव्हीए, म्हणजे अतिनील किरणांतला त्वचेत खोल शिरणारा प्रकार, फारसा अडवत नाही, म्हणून डब्यावर पीए+++ ही यूव्हीएपासूनच्या संरक्षणाची खूण आहे का तेही पाहा. स्कूटरवर चेहऱ्याला गुंडाळलेला स्टोल हा इथला उत्तम उपाय, फक्त तो घट्ट विणीचा आणि गडद हवा. पांढऱ्या झिरझिरीत ओढणीतून बरंच ऊन आत येतं.

शेवटी बायोटिन. त्वचा-केसांच्या गोळ्यांत ते ५ ते १० मिलिग्रॅम असतं, रोजची गरज मिलिग्रॅमच्या शंभराव्या भागांत मोजावी इतकी छोटी. कमतरता नसलेल्या माणसाच्या त्वचेला त्याचा फायदा झाल्याचा भक्कम पुरावा नाही, तोटा मात्र पक्का आहे. रक्ताच्या अनेक तपासण्यांत बायोटिनलाच पकडीच्या हुकासारखं वापरतात, त्यामुळे रक्तात ते जास्त असेल तर थायरॉइडचे आणि हृदयविकाराच्या झटक्यात तपासल्या जाणाऱ्या ट्रोपोनिनचे आकडे चुकू शकतात. अशी गोळी चालू असेल तर थायरॉइडच्या तपासणीआधी किमान दोन दिवस ती बंद ठेवा आणि रक्त घेणाऱ्याला तसं सांगा. छातीत दुखतं म्हणून दवाखान्यात जावं लागलं तर ही गोळी घेत असल्याचं डॉक्टरला पहिल्यांदा सांगा.