रोजची भाकर : एका ओळीमागचा इतिहास

आमच्या इंदुरात मराठी ख्रिस्ती घरातलं मूल एकच प्रार्थना दोन भाषांत शिकतं. चर्चमध्ये हिंदीत, "हमारी दिन भर की रोटी आज हमें दे", आणि घरी आजीजवळ बसून "आमची रोजची भाकर आज आम्हांला दे". बाहेर "जय मसीह की", आणि नगरकडून पाहुणे आले की "जय ख्रिस्त". लहानपणी मला या दोन वेगळ्या मागण्या वाटायच्या, चर्चमध्ये गव्हाची पोळी मागायची आणि घरी ज्वारीची भाकरी, आणि आजी डोळे मिटून जे मागायची ते खरंच परातीत दिसायचं म्हणून मला भाकरीवाली प्रार्थना जास्त खरी वाटायची.

हे आत्ता लिहायचं कारण म्हणजे गेली काही वर्षं आमच्या घरगुती प्रार्थनासभेत लोक जे विषय सांगतात ते ऐकून. कुणाची नोकरी कधी जाईल सांगता येत नाही, कुणाचा मुलगा परीक्षा देऊन दोन वर्षं निकालाची वाट बघतोय, कुणाला ऑपरेशनचा खर्च झेपत नाहीये. सगळ्यांना हवं असतं ते एकच, पुढे सगळं नीट होणार आहे असं देवानं आजच सांगून टाकावं. आणि मोबाईलवर तसं सांगणारेही भरपूर आहेत, हा महिना तुमच्या ब्लेसिंगचा आहे, दार उघडणार आहे, वगैरे. मला ते पटत नाही आणि त्याचा त्रासही होतो, कारण येशूनं शिकवलेल्या प्रार्थनेत उद्याच्या गॅरंटीची मागणीच नाहीये, आजची भाकर आहे. ही ओळ कुठून आली, कोणाकोणाच्या तोंडातून आपल्यापर्यंत पोचली ते बघितलं तर बरंच काही उलगडतं.

येशूच्या काळात गालीलातली बरीच माणसं रोजावर जगणारी. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात, म्हणजे येशूच्या चरित्रात, 20व्या अध्यायात द्राक्षमळ्याच्या मालकाची गोष्ट आहे, तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत पुन्हा पुन्हा बाजारात जातो आणि प्रत्येक वेळी तिथे काम न मिळालेली माणसं उभीच असतात, आपल्या मजूर चौकात सकाळी डबा घेऊन उभी असतात तशी. त्याच्याही आधी बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात नियम आहे की गरीब मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत द्या कारण त्याचा जीव तिच्यावर लागलेला असतो. मराठीत तर 'रोज' या शब्दाचा एक अर्थच दिवसाची मजुरी, माझी पणजी रोजावर जायची असंच आमच्याकडे म्हणतात. तेव्हा "रोजची भाकर" हे ज्यांनी पहिल्यांदा ऐकलं त्यांना त्यात काव्य दिसलं नसणार, त्यांना संध्याकाळची चूल दिसली असणार.

त्या मागणीमागे अजून जुनी आठवण आहे ती मान्न्याची, म्हणजे देवानं रानात पाठवलेल्या अन्नाची. बायबलच्या निर्गम या पुस्तकाच्या 16व्या अध्यायात मिसरातून, म्हणजे इजिप्तमधून, सुटलेले इस्राएली लोक रानात उपाशी आहेत आणि रोज सकाळी जमिनीवर मान्ना पडतो, पण अट अशी की एका दिवसापुरताच गोळा करायचा, आणि ज्यांनी उद्यासाठी राखून ठेवला त्यांच्या मान्न्यात किडे पडले. फक्त शब्बाथाच्या, म्हणजे विश्रांतीच्या वाराच्या, आदल्या दिवशी दुप्पट. कणगी भरून ठेवायची सवय असलेल्या माणसाला ही फार अवघड शाळा आहे, चाळीस वर्षं चालली ती.

आणि गंमत म्हणजे (अभ्यासकांसाठी डोकेदुखीच खरं तर) ज्या ग्रीक शब्दाचं आपण 'रोजची' असं भाषांतर करतो तो 'एपिऊसिओस' हा शब्द शुभवर्तमानांच्या बाहेर जुन्या ग्रीकमध्ये जवळजवळ सापडतच नाही. आजच्यापुरती, गरजेपुरती, येणाऱ्या दिवसाची, असे सगळे अर्थ निघतात. चौथ्या शतकाच्या शेवटी लॅटिन भाषांतर करणाऱ्या जेरोमनं मत्तयात एक शब्द वापरला आणि लूकात दुसराच, आणि त्यानंच नोंदवून ठेवलंय की इब्री लोकांच्या एका शुभवर्तमानात तिथे 'माहार' म्हणजे 'उद्याची' असा शब्द होता. म्हणजे उद्याची भाकर आज दे. मला हा अर्थ कळला तेव्हा मी बराच वेळ गप्प बसले होते, कारण आजी तेच करायची, रात्री प्रार्थना झाली की सकाळचं पीठ आहे का ते डब्यात हात घालून बघायची.

मधली बरीच शतकं इथे भराभर ओलांडते, फक्त एक माणूस सांगून. जर्मनीत आयलेनबुर्ग नावाच्या गावात मार्टिन रिंकार्ट पाळक, म्हणजे पास्टर, होता, तीस वर्षांचं युद्ध चालू, गावात निर्वासितांची गर्दी, त्यात 1637 ची साथ, आणि एका दिवसात कधी चाळीस-पन्नास जणांना मूठमाती द्यायची वेळ त्याच्यावर आली, त्यात त्याची बायकोही गेली. त्याच सुमाराला त्यानं लिहिलेलं देवाचे आभार मानणारं गीत आज जगभर गातात, आणि ते मुळात जेवणाच्या आधी घरात म्हणायची प्रार्थना म्हणून होतं. असल्या दिवसांत ताटापुढे बसून आभार मानायचे, ते सुद्धा ताटात फार काही नसताना.

आता आपल्या मराठीकडे. ख्रिस्ती गोष्ट मराठी वळणाच्या ओवीत सांगणारा पहिला मोठा माणूस म्हणजे गोव्यातला इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स, त्याचं ख्रिस्तपुराण 1616 मध्ये छापलं गेलं, जवळजवळ अकरा हजार ओव्या. नंतर विल्यम कॅरीनं बंगालात श्रीरामपूरला बसून, वैजनाथ पंडितांच्या मदतीनं, 1811 मध्ये मराठी नवा करार काढला. 1813 मध्ये मुंबईला अमेरिकन मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट उतरले, ईस्ट इंडिया कंपनी त्यांना परत पाठवायच्या मागे, बोटीत बसवतील की राहू देतील हेही महिनोन्महिने नक्की नव्हतं, आणि हॉल 1826 मध्ये प्रवासातच कॉलऱ्यानं गेला. संपूर्ण मराठी बायबल यायला 1847 उजाडलं. या सगळ्या भाषांतराच्या कामात 'ब्रेड'साठी 'भाकर' हा शब्द बसला आणि मला वाटतं तिथेच अर्धं काम झालं. बेथलेहेम म्हणजे भाकरीचं घर, "जीवनाची भाकर मीच आहे", प्रभुभोजनातही भाकर मोडायची. घाटावरच्या माणसाला दुसऱ्या कुठल्या शब्दानं इतकं पोटात लागलं नसतं.

पण शब्द पुस्तकात येणं वेगळं आणि भोगून येणं वेगळं. त्यासाठी पंडिता रमाबाईंकडे यावं लागतं, आणि त्यांच्याबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे. जन्म 1858 चा, वडील अनंतशास्त्री डोंगरे, मुलीला संस्कृत शिकवणारं घर, तीर्थाटन करत पुराणं सांगून जगणारं. 1870 च्या दशकात दुष्काळ आला आणि त्यात वडील गेले, आई गेली, मोठी बहीण गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास, दोघंच, उपाशीतापाशी पायी चालत हिंदुस्थानभर फिरले आणि 1878 मध्ये कलकत्त्याला पोचले तेव्हा तिथल्या विद्वानांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती म्हटलं. मग 1880 मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावींशी लग्न, आणि 1882 मध्ये नवराही कॉलऱ्यानं गेला, पदरात लहानगी मनोरमा. पंचविशीच्या आत एवढं सगळं. 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला, 1889 मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला आणलं.

आणि मग 1896-97 चा दुष्काळ. मध्य प्रांतातल्या बातम्या आल्या तेव्हा रमाबाईंना स्वतःचे वीस वर्षांपूर्वीचे दिवस आठवले आणि त्या उठून तिकडे गेल्या, रिलीफ कॅम्पमधून आणि रस्त्यांवरून सुमारे 300 मुली-बायकांना घेऊन आल्या. पुण्यात तेव्हा प्लेग, माणसं वाढवायला बंदी, म्हणून या सगळ्यांना केडगावच्या जमिनीवर झोपड्यांत नेलं, तेच मुक्ती मिशन. अमेरिकेतल्या रमाबाई असोसिएशननं दहा वर्षं पैसे द्यायचं कबूल केलं होतं ती मुदतही याच सुमाराला संपत आली होती, तरी 1900 मध्ये गुजरातच्या दुष्काळातून अजून शेकडो मुली आणल्या. ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलरनं कुणापुढे हात न पसरता फक्त प्रार्थनेवर अनाथालय चालवलं हे त्यांनी वाचलं होतं आणि तसंच करायचं ठरवलं होतं. पण म्हणून नुसत्या बसून राहिल्या का, तर नाही, शेती, गाई, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना, सगळं मुलींच्या हातांनी उभं केलं. आजची भाकर मागायची आणि आजच पीठ मळायला घ्यायचं, हे दोन्ही त्यांच्या लेखी एकच काम होतं असं मला नेहमी वाटतं.

शेवटची वर्षं त्यांनी ग्रीक आणि हिब्रू शिकून खेड्यातल्या बाईला कळेल असं मराठी बायबल करण्यात घातली. 1921 मध्ये मनोरमा गेली. 5 एप्रिल 1922 ला रमाबाई गेल्या. ते बायबल छापून आलं 1924 मध्ये.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी याच काळात दुसरं एक मोठं काम केलं. 1895 चा बाप्तिस्मा, आणि तुकारामांच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो असं उघड सांगणारा माणूस, त्यामुळे त्यांनी उपासनेत अभंग, भजन, कीर्तन आणलं. आमच्या जुन्या गीतसंग्रहात अडीचशेच्या आसपास गीतं त्यांची आहेत. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'त दुष्काळ आणि प्लेगचे दिवस वाचले की कळतं ही गीतं कसल्या घरात गायली जात होती, जिथे महिन्याचा हिशोब कधी जुळला नाही आणि तरी दारी आलेलं अनाथ पोर परत गेलं नाही. नगरच्या ख्रिस्ती मंडळीला दुष्काळ नवा नव्हता. (नगर आता अहिल्यानगर झालं, म्हणजे अहिल्याबाईंचं माहेर, आणि इंदूर त्यांचं सासर, आमच्या आजोबांचा प्रवासही नेमका त्याच वाटेनं झाला, मिलच्या कामासाठी.)

इंदुरात तेव्हा ख्रिस्ती मंडळी होतीच. रेसिडेन्सीकडचं व्हाइट चर्च 1858 चं, ते मुळात गोऱ्या साहेबांसाठी. 1877 मध्ये कॅनडाचं प्रेस्बिटेरियन मिशन आलं, 1887 मध्ये ख्रिश्चन कॉलेज निघालं, छप्पनच्या (विक्रम संवत 1956 च्या) दुष्काळात म्हणजे 1899-1900 मध्ये माळव्यातली आणि भिल्ल भागातली अनाथ पोरं मिशननं सांभाळली. इथली उपासना हिंदीत, पण होळकरांच्या शहरात मराठी घरं भरपूर, त्यामुळे आमच्यासारख्यांची प्रार्थना दोन्हीकडे पाय ठेवून चालली.

बाबा ज्या मिलमध्ये होते ती बंद पडली तेव्हा मी शाळेत होते. देणी अडकली, वर्षानुवर्षं तारखा पडत राहिल्या. त्या काळात आजीनं एक नियम केला, रात्रीच्या प्रार्थनेत प्रत्येकानं आज काय मिळालं ते एकेक सांगायचं, मगच उद्याचं मागायचं. कोणी म्हणायचं शेजारच्या वैनींनी लोणचं दिलं, कोणी म्हणायचं सायकल पंक्चर झाली नाही. बायबलमधली सारफथच्या विधवेची गोष्ट, दुष्काळात उरलेल्या मूठभर पिठातून एलिया संदेष्ट्याला भाकर देणारी, ती पुन्हा पुन्हा सांगायची, मडक्यातलं पीठ सरलं नाही, पण मडकं भरलं असंही कुठे लिहिलेलं नाही, हे ती बोट वर करून सांगायची.

आणि ती मागणी 'माझी' भाकर अशी नाहीये, 'आमची' आहे. तिच्या लगेच पुढची ओळ ऋणाची, जसं आम्ही आमच्या ऋण्यांना ऋण सोडलं तशी आमची ऋणं सोड. कर्जाचा शब्द आहे हा, मराठी बायबलनं तो तसाच ठेवला. इंदूरकरांना याचा अर्थ सिस्टर राणी मारियांमुळे नीट कळतो. मूळ केरळच्या कॅथलिक नन, उदयनगर भागात आदिवासींना सावकाराच्या कर्जातून सोडवायला बचत गट, सरकारी योजना असं साधं रोजचं काम करणाऱ्या. 25 फेब्रुवारी 1995 ला इंदूरला यायच्या बसमध्ये त्यांना भोसकून मारलं, वय 41. मारणारा समंदर सिंह तुरुंगात गेला, आणि 2002 मध्ये राणी मारियांची धाकटी बहीण सिस्टर सेल्मी तिथे गेली आणि तिनं त्याला राखी बांधली. पुढे त्याच्या सुटकेसाठी घरच्यांनीच खटपट केली, 2006 मध्ये तो सुटला, आणि राणी मारियांच्या आईनं त्याच्या हातांचं चुंबन घेतलं. 4 नोव्हेंबर 2017 ला इंदुरातच कॅथलिक चर्चनं राणी मारियांना धन्य, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी, घोषित केलं. सावकाराचं ऋण सोडवायला गेलेल्या बाईच्या घरच्यांनी तिच्या रक्ताचंही ऋण सोडलं.

2020 च्या मार्चअखेर इंदूर कडक बंद झालं, काही दिवस तर दूध आणि भाजीसुद्धा नाही. 10 एप्रिलचा गुड फ्रायडे, 12 चा ईस्टर, दोन्ही मोबाईलच्या स्क्रीनवर. पाळकांनी हिंदीत प्रभूची प्रार्थना सुरू केली, आवाज मागे-पुढे होत होते, आणि रोटीच्या ओळीला आमच्या घरात सगळे नकळत मराठीत घसरले. डब्यात ज्वारीचं पीठ होतं चार दिवसांचं. आईनं त्यातलं दोन दिवसांचं काढून पिशवीत बांधलं आणि गच्चीवरून दोरीनं खालच्या गल्लीतल्या रोजावर जाणाऱ्या घराकडे सोडलं, आणि परत येऊन तवा ठेवला.