सीएसआर आणि बिझनेस एथिक्स एकच आहे का? पाणपोई वेगळी, काटा वेगळा

अमळनेरला कॉमर्सचे क्लास घेतो मी, आणि दरवर्षी पेपर तपासताना एक गोष्ट ठरलेली, बिझनेस एथिक्स म्हणजे काय असं विचारलं की पोरं लिहितात कंपनी झाडं लावते, रक्तदान शिबिर घेते, शाळेला बाकं देते. सगळं चांगलंच आहे, पण ते सीएसआर, म्हणजे कॉर्पोरेट सोशल रिस्पॉन्सिबिलिटी, कंपनीची सामाजिक जबाबदारी झाली. एथिक्सचा प्रश्न त्याच्या आधी येतो. कमावून झाल्यावर त्यातलं थोडं समाजावर खर्च करणं म्हणजे सीएसआर, आणि ते कमावताना तुम्ही माल देणाऱ्याशी, गिऱ्हाईकाशी, कामगाराशी कसं वागलात ते एथिक्स.

मला हा फरक पुस्तकाच्या आधी घरी कळला. आमच्याकडे कापूस, आणि गावात खेडा खरेदीला एक व्यापारी यायचा, बसस्टँडवरच्या पाणपोईवर त्याच्या वडिलांचं नाव, सप्त्याच्या पंगतीला दरवर्षी त्याची साखर, सगळे म्हणायचे देवमाणूस. एका वर्षी वडिलांनी बोजे आधी घरी मोजून ठेवले आणि मग त्याच्या काट्यावर टाकले, तर एकेका बोज्यामागे दीड-दोन किलो कमी. वडील त्याला एवढंच म्हणाले, "भाऊ, काटा बराबर शे ना?" तो हसला आणि चहा सांगितला. तेव्हा मी लहान होतो, पण पाणपोईचं पाणी कुणाच्या कापसातून आलं हा विचार तेव्हापासून डोक्यातून गेलेला नाही. पाणपोई खोटी नव्हती हो, लोक खरंच पाणी प्यायचे, पण तिच्यामुळे काटा खरा होत नाही.

आता कायद्याचं बघू. सीएसआर हा शब्द आपल्याकडे कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 मध्ये आहे आणि 1 एप्रिल 2014 पासून तो लागू झाला. आधीच्या वर्षी नेटवर्थ (म्हणजे देणी वजा जाता उरलेली मालमत्ता) 500 कोटी किंवा उलाढाल 1000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी, यातलं एक जरी भरलं तरी त्या कंपनीने मागच्या 3 वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान 2 टक्के समाजकामावर खर्च करायचे. म्हणजे आपल्याकडचा कापसातून सरकी काढणारा छोटा जिनिंगवाला, किराणावाला, भरीताची वांगी विकणारी मावशी, यांना सीएसआर लागूच नाही. एथिक्स मात्र मावशीच्या तराजूलाही लागू आणि हजार कोटीवाल्यालाही.

आणखी एक गोष्ट पोरांना मी मुद्दाम सांगतो, की फक्त स्वतःच्या कामगारांच्या फायद्यासाठी केलेला खर्च सीएसआरमध्ये धरतच नाहीत, राजकीय पक्षाला दिलेला पैसाही नाही. म्हणजे कामगाराला वेळेवर पगार, मशीनवर सुरक्षा, पूर्ण ओव्हरटाइम हे सगळं सीएसआरच्या बाहेरचं आहे, आणि तिथेच तर मालकाची खरी परीक्षा असते!

दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी उलट्या दिशेला कशा जाऊ शकतात याचं मोठं उदाहरण सत्यम ही हैदराबादची सॉफ्टवेअर कंपनी. 108 नंबरची रुग्णवाहिका सेवा आंध्रात 2005 ला सुरू झाली ती सत्यमचे संस्थापक रामलिंग राजू यांच्या पुढाकाराने, त्या सेवेने जीव वाचवले हे कुणी नाकारू शकत नाही. आणि 7 जानेवारी 2009 ला त्याच राजूंनी पत्र लिहून कबूल केलं की कंपनीच्या हिशोबात काही वर्षांपासून हजारो कोटी फुगवून दाखवलेत. त्याच्या आदल्याच वर्षी कंपनीला चांगल्या कारभाराचा पुरस्कार मिळाला होता, तो नंतर काढून घेतला.

दानधर्म हे परत तिसरंच. आमच्या अमळनेरला 1945 साली वनस्पती तुपाचा जो कारखाना निघाला तीच आजची विप्रो, आणि विप्रोच्या अझीम प्रेमजींनी स्वतःच्या शेअर्सचा मोठा हिस्सा फाउंडेशनला दिला. ते त्यांच्या वैयक्तिक मालकीचं होतं, कंपनीचा सीएसआर वेगळा.

मग समाजाला एथिक्सचं काय पडलंय? कापसातच बघा. व्यापारी काटा मारतो म्हणून काही शेतकरी कापसावर पाणी मारतात, वजन भरून निघावं म्हणून. व्यापारी म्हणतो माल ओला येतो म्हणून आम्ही कट्टी, म्हणजे वजनात कपात, लावतो. मग ज्याने कोरडाठाक माल आणला त्यालाही तीच कट्टी, आणि पुढच्या वर्षी तोही बादली घेतो. ओला कापूस जिनिंगमध्ये त्रास देतो, रुईची प्रत जाते, आणि सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, खरेदी केंद्रावर 12 टक्क्यांच्या वर ओलावा असला की गाडी परत. एका माणसाने काटा मारला आणि सगळ्या भागाच्या मालाचं नाव खराब झालं, हे कुठल्या 2 टक्क्यांनी भरून काढणार?

उलटं पण आहे. सोन्याला हॉलमार्क सक्तीचा व्हायला जून 2021 उजाडलं, पण जळगावच्या सराफ बाजारात त्याच्या कितीतरी आधीपासून बाहेरच्या जिल्ह्यांतून लोक लग्नाचं सोनं घ्यायला यायचे. तेव्हा असा सक्तीचा शिक्का नव्हता, दुकानदार सांगेल त्या शुद्धतेवर भरवसा होता.

वडील आता कापूस विकताना घरून वीस किलोचं लोखंडी माप नेतात आणि आधी ते काट्यावर ठेवायला सांगतात. दोन जण रागावून निघून गेले. या हंगामात एक नवीन पोरगा आला, त्याने आम्ही म्हणायच्या आधीच विचारलं, "काका, माप आहे का घरी, आधी काटा बघून घ्या." सगळा कापूस त्यालाच दिला. त्याच्या नावाची गावात कुठे पाटी नाही अजून.