ल्यूइस–रूझवेल्ट संबंध

अमेरिकेतील खाणकामगारांचे पुढारी जॉन लूएलिन ल्यूइस (१२ फेब्रुवारी १८८०–११ जून १९६९) आणि राष्ट्राध्यक्ष फ्रँक्लिन डिलानो रूझवेल्ट यांच्यातील राजकीय देवघेव. तिचा काळ स्थूलमानाने १९३३ ते १९४३ असा धरतात. मैत्री फाटून वैर झाले, असे या संबंधांचे वर्णन नेहमी केले जाते. परंतु दोघांत मैत्री म्हणावी असे काही कधी होते, असे दिसत नाही.

ल्यूइस यांचा जन्म आयोवा राज्यातील वेल्श वंशाच्या कुटुंबात झाला. ते स्वतः खाणीत काम केलेले होते. १९२० ते १९६० अशी चाळीस वर्षे ‘युनायटेड माइन वर्कर्स’ या खाणकामगार संघटनेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे होते. राजकारणात ते रिपब्लिकन होते आणि १९३२ च्या निवडणुकीत त्यांचा पाठिंबा रूझवेल्ट यांना नव्हे, तर तेव्हाचे रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूव्हर यांना होता.

जून १९३३ मध्ये संमत झालेल्या राष्ट्रीय औद्योगिक पुनरुत्थान कायद्याच्या कलम ७ (अ) ने कामगारांचा संघटित होण्याचा आणि सामुदायिक वाटाघाटींचा हक्क मान्य केला. ल्यूइस यांनी संघटनेची तिजोरी रिकामी करून खाणपट्ट्यात प्रचारक पाठविले. ‘तुम्ही युनियनमध्ये यावे अशी अध्यक्षांची इच्छा आहे’ ही प्रसिद्ध घोषणा या मोहिमेतली. तिच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. रूझवेल्ट यांनी असे वाक्य कधी उच्चारल्याचा पुरावा नाही. एका मतानुसार घोषणेतील संदिग्धता हेतुपुरस्सर होती : संघटनेचे अध्यक्ष ल्यूइसच असल्याने प्रचारकाला कोणी हटकले, तर ‘आमचे अध्यक्ष’ असे उत्तर तयार होते. (मराठीतही ‘अध्यक्ष’ म्हटल्यावर नेमका हाच घोळ होतो.) दुसऱ्या मतानुसार ही क्लृप्ती मागाहून रचलेली कथा असून प्रचारकांनी कलम ७ (अ) चा भाबडेपणाने, पण प्रामाणिकपणे लावलेला अर्थ तेवढा घोषणेत आहे. घोषणेची निरनिराळी रूपे आढळतात. त्यामुळे ती एका व्यक्तीच्या डोक्यातून निघाली असण्यापेक्षा खाणवस्त्यांत तोंडातोंडी घडत गेली असणे अधिक संभवनीय वाटते. परिणामाबद्दल मात्र वाद नाही. लाखाच्या आसपास घसरलेली सभासदसंख्या वर्ष-सव्वा वर्षात चार लाखांवर गेली. सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा मे १९३५ मध्ये रद्द केला. त्यातील कामगारविषयक तत्त्व जुलैमधील वॅग्नर कायद्याने टिकविले. त्याच वर्षी ९ नोव्हेंबरला ल्यूइस यांच्या पुढाकाराने, एकेका उद्योगातील सर्व कामगारांना एकत्र संघटित करणारी औद्योगिक संघटना समिती (सीआयओ) स्थापन झाली.

१९३६ च्या निवडणुकीत ल्यूइस यांनी कपडे-उद्योगातील कामगारांचे पुढारी सिडनी हिलमन यांच्याबरोबर ‘लेबर्स नॉन-पार्टिझन लीग’ ही कामगारांची प्रचारसंस्था उभारली. खाणकामगार संघटनेने रूझवेल्ट यांच्या प्रचारासाठी सुमारे ५ लाख डॉलर दिले. त्यातला काही भाग कर्जाऊ होता. ल्यूइस अडीच लाखांचा धनादेश आणि सोबत छायाचित्रकार घेऊन व्हाइट हाउसमध्ये गेले. रूझवेल्ट यांनी हसत धनादेश परत केला व गरज पडेल तसे मागून घेऊ असे सांगितले, ही आख्यायिका सर्वत्र उद्धृत होते. तिचा आधार सॉल अलिन्स्की यांनी १९४९ मध्ये प्रसिद्ध केलेले ल्यूइस यांचे चरित्र हा आहे. तोवर रूझवेल्ट हयात नव्हते, आणि ल्यूइस यांना गोष्ट रंगवून सांगण्याची हौस होती. ती शब्दशः खरी नसली, तरी दोघांचे हिशेब वेगवेगळ्या वह्यांत लिहिले जात होते एवढे तीवरून कळते : रूझवेल्ट यांच्या लेखी ती देणगी होती, ल्यूइस यांच्या लेखी उसनवारी.

वसुलीचा प्रसंग लगेच आला. मिशिगनमधील फ्लिंट येथे जनरल मोटर्सच्या कामगारांनी ३० डिसेंबर १९३६ पासून कारखान्यातच ठाण मांडले. ज्या कंपनीवाल्यांनी सरकार पाडण्यासाठी पैसा ओतला, त्यांच्याविरुद्ध कामगारांना आता मदत हवी, असे ल्यूइस यांनी जानेवारीत जाहीरपणे सुनावले. रूझवेल्ट यांनी त्यांना कानपिचक्या दिल्या. पण संप मोडण्यासाठी बळही वापरले नाही. ११ फेब्रुवारी १९३७ रोजी कंपनीने तडजोड केली.

पोलादाच्या लहान कंपन्यांतील संपात हा समतोल ढळला. ३० मे १९३७ रोजी शिकागो येथे रिपब्लिक स्टील कारखान्याजवळ पोलिसांच्या गोळीबारात दहा जण मेले वा नंतर दगावले. जूनअखेर पत्रकारांशी बोलताना रूझवेल्ट यांनी ‘दोन्ही घराण्यांचे वाटोळे होवो’ या अर्थाचे शेक्सपिअरचे वाक्य वापरले. बहुसंख्य लोक असे म्हणत आहेत, अशी त्याला पुस्ती होती. ती बहुतेक वृत्तांतांतून गळाली. सप्टेंबरमध्ये आकाशवाणीवरून ल्यूइस यांनी उत्तर दिले : जो कामगारांच्या पंक्तीला जेवला, ज्याला त्यांच्या घरात आसरा मिळाला, त्याने कामगारांना व त्यांच्या शत्रूंना सारखेच शाप द्यावेत हे शोभत नाही.

१९४० च्या आरंभी ल्यूइस यांनी स्वतःला देशाच्या उपाध्यक्षपदाची उमेदवारी मागितली व ती नाकारल्याने ते फिरले, असे श्रममंत्री फ्रान्सेस पर्किन्स यांच्या आठवणींत आहे. पर्किन्स यांनी ते रूझवेल्ट यांच्या तोंडून ऐकले होते. ल्यूइस यांनी इन्कार केला. नंतरच्या अभ्यासकांना अन्य कारणे अधिक पटतात : १९३७-३८ च्या मंदीनंतरची बेकारी, वॅग्नर कायदा न पाळणाऱ्या कंपन्यांना मिळणारी संरक्षण-कंत्राटे, हिलमन यांना सरकारात मिळालेले स्थान आणि युद्धाला असलेला ल्यूइस यांचा विरोध. यांपैकी शेवटचे कारण सर्वांत वजनदार मानावे लागते. २५ ऑक्टोबर १९४० रोजी आकाशवाणीवरील भाषणात त्यांनी रिपब्लिकन उमेदवार वेंडेल विल्की यांना पाठिंबा दिला आणि रूझवेल्ट निवडून आल्यास सीआयओचे अध्यक्षपद सोडण्याचे जाहीर केले. खाणकामगारांनीसुद्धा त्यांचे ऐकले नाही. रूझवेल्ट निवडून आल्यावर नोव्हेंबरमध्ये ल्यूइस यांनी शब्द पाळला; फिलिप मरी सीआयओचे अध्यक्ष झाले. १९४२ मध्ये खाणकामगार संघटनाही सीआयओतून बाहेर पडली.

१ मे १९४३ रोजी संपामुळे रूझवेल्ट यांनी कोळसा खाणी ताब्यात घेतल्या. दुसऱ्या दिवशी ते राष्ट्राला उद्देशून बोलण्याच्या काही मिनिटे आधी ल्यूइस यांनी संपाला तात्पुरती स्थगिती दिली. पुढे आणखी संप झाले. जूनमध्ये काँग्रेसने (अमेरिकी संसदेने) रूझवेल्ट यांचा नकाराधिकार डावलून स्मिथ–कॉनली कायदा केला. त्याने युद्धकाळात कामगार संघटनांना केंद्रीय निवडणुकांसाठी तिजोरीतून देणग्या देण्यास मनाई झाली. त्यावर उपाय म्हणून सीआयओने जुलैमध्ये हिलमन यांच्या नेतृत्वाखाली स्वतंत्र राजकीय कृतिसमिती काढली.